टेक्निकल फाऊल: मैदानावर आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि नवी मुंबईत शाळा, कॉलेज आणि क्लबच्या बास्केटबॉल सामन्यांना मी पंच म्हणून उभी राहते. सामना संपून बूट सोडायला बसले की तीन-चार जण तरी येतात. कोणी पालक, कोणी कोच, कोणी बेंचवर बसून वैतागलेला मुलगा. साध्या फाऊलबद्दल फारसं कोणी विचारत नाही, निम्मे प्रश्न टेक्निकलचेच असतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांप्रमाणे आहेत, कारण आपल्याकडचे सामने त्याच नियमांनी होतात. २०२४ च्या नियमपुस्तकात टेक्निकलचं कलम ३६ आहे. एखाद्या स्पर्धेने स्वतःचे वेगळे नियम छापून दिले असतील तर आधी ते वाचा.

टेक्निकल फाऊल म्हणजे नेमकं काय?

अंगाला अंग न लागता, वागण्यामुळे झालेला फाऊल. मैदानावर त्याला थोडक्यात ‘टी’ म्हणतात. धक्का, ओढणं, हातावर फटका हे पर्सनल फाऊल. पंचाशी, टेबलाशी (स्कोअर आणि घड्याळ सांभाळणाऱ्यांशी) किंवा समोरच्या टीमशी उद्धटपणे बोलणं, प्रतिस्पर्ध्याला डिवचणं, प्रेक्षक भडकतील असे हातवारे करणं, मुद्दाम खेळ लांबवणं, फाऊल झाल्याचं नाटक करणं, कोपर जोरजोरात फिरवणं, दिलेली ताकीद न जुमानणं हे सगळं टेक्निकलमध्ये येतं. नियमपुस्तकातली यादी इथेच संपत नाही. ‘यांसह, पण एवढ्यापुरतंच नाही’ अशा अर्थाचे शब्द तिथे आहेत, आणि पंचाला अर्थ लावावा लागतो तो तिथूनच.

मुलाने फक्त ‘मॅडम, हा फाऊल नव्हता का?’ असं विचारलं तर टी मिळतो का?

नाही. आणि एखाद्या पंचाने एवढ्यावर टी दिला तर ते मला पटत नाही.

नियमाप्रमाणे पंचाशी बोलायचा हक्क कॅप्टनला आहे. बॉल डेड म्हणजे खेळात नसताना, घड्याळ थांबलेलं असताना, सभ्यपणे, माहिती विचारण्यासाठी. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून हातावर फटका बसल्याबरोबर ‘मॅडम!’ निघणारच. ते ऐकून सोडून द्यायचं असतं. नियमपुस्तकातच लिहिलंय की नकळत झालेली, खेळावर थेट परिणाम न करणारी छोटी चूक पंच दुर्लक्षित करू शकतात, किंवा ताकीद देऊन टेक्निकल टाळू शकतात. टेक्निकल टाळणं हेही पंचाचंच काम आहे, असं मी मानते.

मग हद्द कुठे? मी स्वतः चार गोष्टी बघते. बोलणं कॉलबद्दल आहे की माझ्याबद्दल? ‘त्याचा हात लागला होता’ हे कॉलबद्दल. ‘तुम्हाला दिसतच नाही’ हे माझ्याबद्दल. दुसरं, ते किती लांबलं? एक वाक्य आणि मुलगा डिफेन्सला परत धावला तर विषय संपला. तोच मुलगा पुढच्या तीन पझेशन (बॉल टीमच्या ताब्यात असण्याच्या पाळ्या) माझ्या मागे फिरत तेच बोलत राहिला तर तो आता खेळत नाहीये, वाद घालतोय. तिसरं, ते कोणाला ऐकू जावं म्हणून होतं? माझ्या जवळ येऊन हळू बोलला तर तक्रार. दोन्ही हात पसरून प्रेक्षकांकडे बघत ओरडला तर तमाशा, आणि त्या तमाशाने स्टँडमधले वीस पालक पेटतात. चौथं, आधी सांगून झालंय का?

हे चार निकष नियमपुस्तकात असे मांडलेले नाहीत. मैदानावर उभं राहून पंच शिकतात ते हे.

‘अरे-तुरे’ केलं म्हणून टी बसतो का?

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच येतो. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत फरक आहे, पण आमच्या मैदानांवर मराठी, हिंदी, गुजराती, मल्याळम बोलणारी मुलं एकत्र खेळतात आणि मैदानाची भाषा बहुतेक वेळा बंबईया हिंदी असते. ‘ए रेफ, देख ना’ म्हणणाऱ्या मुलाच्या मनात अपमान असेलच असं नाही. त्याच्या घरी वडिलांनाही ‘तू’ म्हणत असतील. मी नुसत्या ‘तू’वर कधी टी देत नाही. उलट ‘अहो मॅडम, तुम्ही जरा चष्मा लावून या’ हे वाक्य अगदी आदरार्थी आहे, आणि तो सरळ टी आहे. क्रियापदापेक्षा वाक्याचा रोख बघायचा.

आपसात शिवी दिली तर? पंचाला नाही, स्वतःलाच.

लेअप चुकला आणि पोरगा खाली बघत ‘च्यायला’ पुटपुटला, तर मी ऐकलेलं नसतं. तेच पूर्ण मैदानाला ऐकू जाईल असं ओरडला, आणि स्टँडमध्ये लहान मुलं बसलेली आहेत, तर बॉल डेड झाल्यावर कॅप्टनला बोलावून सांगते. आई-बहिणीवरून समोरच्या खेळाडूला दिलेली शिवी मात्र लगेच टी, आणि ती किती गलिच्छ आहे, कोणत्या तोऱ्यात दिली, त्यावर थेट डिसक्वालिफाइंगपर्यंत, म्हणजे सामन्यातून बाहेर काढण्यापर्यंत, जाऊ शकते. जात, धर्म, रंग, वजन यांवरून डिवचणं मी याच पायरीवर धरते. ताकीद वगैरे काही नाही.

ताकीद एका मुलाला दिली, मग टी दुसऱ्याला कसा?

सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नेरूळमध्ये एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर सोळा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता. ऑक्टोबरची दुपार उतरत होती, मुलांच्या जर्सी पिळाव्यात इतक्या भिजलेल्या. निळ्या टीमच्या सात नंबरने बास्केट केली आणि बॉल जाळीतून खाली येताच तळहाताने बेसलाइनबाहेर टोलवला, कुंपणापर्यंत. त्याची टीम तोपर्यंत डिफेन्सला परतली. पिवळ्या टीमचा मुलगा बॉल आणायला धावला आणि त्यांचा फास्ट ब्रेक गेला. हे खेळ लांबवणं. मी लगेच शिट्टी मारली नाही, कारण बास्केटनंतर घड्याळ चालू असतं आणि ताकीद फक्त बॉल डेड असून घड्याळ थांबलेलं असतानाच देता येते. पुढचा फाऊल झाला, घड्याळ थांबलं, तेव्हा सात नंबरला सांगितलं आणि निळ्या बेंचसमोर जाऊन कोचना म्हटलं, ‘सर, बास्केटनंतर बॉलला हात लावल्याची ताकीद आहे. तुमच्या पूर्ण टीमला, शेवटपर्यंत.’ त्यांनी मान डोलावली.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये निळ्या टीमच्या अकरा नंबरने तेच केलं. टी. बेंचवरून लगेच, ‘पण मॅडम, हा तर वेगळा मुलगा आहे!’

हो, वेगळा आहे. पण ताकीद कोचला कळवली की ती त्या टीमच्या प्रत्येकाला लागू होते, त्याच प्रकारच्या चुकीसाठी, सामना संपेपर्यंत. म्हणून कोचनी ताकीद ऐकली की पुढच्या टाइम-आऊटमध्ये पहिलं वाक्य तेच सांगावं. त्या दिवशी अकरा नंबरला कोणीच काही सांगितलं नव्हतं. तो पहिल्या क्वार्टरमध्ये बेंचच्या टोकाला बसून पाण्याच्या बाटल्या भरत होता. शिक्षा त्याला झाली, चूक बेंचची होती.

प्रत्येक गोष्टीला आधी ताकीद मिळतेच का?

नाही. ताकीद हा पंचाचा मार्ग आहे, खेळाडूचा हक्क नाही. शिवी, अंगावर धावून जाणं, पंचाच्या दिशेने बॉल फेकणं यांना पहिल्याच वेळी टी देता येतो.

टी मिळाला की शिक्षा काय?

समोरच्या टीमला १ फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता मारायचा एका गुणाचा शॉट. तो लगेच मारायचा. कोण मारणार हे त्यांचा कोच ठरवतो, म्हणजे सगळ्यात चांगला शूटर. लाइनअप होत नाही, बाकीचे मागे थांबतात. फ्री थ्रो झाल्यावर ज्यांच्या ताब्यात बॉल होता, किंवा ज्यांना मिळणार होता, त्यांनाच थ्रो-इन (रेषेबाहेरून बॉल आत टाकणं), खेळ थांबला तेव्हा बॉल होता त्याच्या जवळच्या जागेवरून.

जुने खेळाडू इथे हमखास वाद घालतात, कारण त्यांच्या वेळी टेक्निकलला २ फ्री थ्रो आणि वर बॉलही मिळायचा. आता तसं नाही. तुमच्या टीमकडे बॉल असताना तुमच्या खेळाडूला टी मिळाला, तर समोरचे एक फ्री थ्रो मारतील आणि बॉल परत तुम्हालाच मिळेल. नियम सौम्य झाल्याने पंचांचा हात थोडा मोकळा झाला असं मला वाटतं. एका टीमुळे अख्खा सामना फिरण्याची भीती पूर्वीइतकी राहिली नाही.

दुसऱ्या कुठल्या फाऊलचे फ्री थ्रो बाकी असतील तर टेक्निकलचा आधी मारायचा, मग ते.

हा फाऊल खेळाडूच्या पाच फाऊलमध्ये धरतात का?

धरतात. खेळाडूचा टी त्याच्या पाचमध्ये आणि त्या क्वार्टरच्या टीम फाऊलमध्येही मोजला जातो. टीमचे ४ फाऊल झाले की पुढच्या साध्या डिफेन्सिव्ह फाऊललाही २ फ्री थ्रो लागतात. त्यामुळे क्वार्टरच्या सुरुवातीला फुकट घेतलेला टी शेवटच्या दोन मिनिटांत महाग पडतो.

दोन टी झाले तर खेळाडू डिसक्वालिफाय. एक टी आणि एक अनस्पोर्ट्समनलाइक (खेळाला न शोभणारा, धक्क्याचा गंभीर फाऊल) झाला तरी तेच. त्या डिसक्वालिफिकेशनसाठी वेगळी शिक्षा नसते, शेवटच्या फाऊलची असेल तेवढीच.

पाच फाऊल होऊन बाहेर गेलेला आणि डिसक्वालिफाय झालेला यांत फरक आहे. पहिला बेंचवर बसू शकतो. दुसऱ्याने ड्रेसिंग रूममध्ये जायचं किंवा इमारत सोडायची. आपल्याकडच्या उघड्या मैदानांवर ड्रेसिंग रूम कुठली? मी गेटबाहेर असं सांगते, पण शाळकरी मुलगा असेल तर त्याच्यासोबत शिक्षक किंवा पालक पाठवते. संध्याकाळी सात वाजता तेरा वर्षांच्या पोराला एकट्याने रस्त्यावर काढणं कुठल्याच नियमात अपेक्षित नसणार.

कोचला टी दिला की स्कोअरशीटवर कधी ‘सी’ लिहितात, कधी ‘बी’. का?

‘सी’ म्हणजे कोच स्वतः वागला म्हणून. ‘बी’ म्हणजे बेंचवरचं कोणीतरी: असिस्टंट, राखीव खेळाडू, मॅनेजर, फिजिओ, किंवा पाच फाऊल होऊन बसलेला मुलगा. नोंद मात्र हेड कोचच्याच नावावर होते, कारण बेंचची जबाबदारी त्याची. हे टीम फाऊलमध्ये धरत नाहीत.

दोन ‘सी’ झाले की कोच बाहेर. तीन ‘बी’ झाले, किंवा एक ‘सी’ आणि दोन ‘बी’ झाले, तरी बाहेर.

उभं राहण्याचाही नियम आहे. हेड कोच किंवा फर्स्ट असिस्टंट, एका वेळी दोघांतला एकच. बाकी सगळे बसलेले. चांगल्या शॉटला उठून टाळ्या वाजवल्या तर कोणी काही म्हणत नाही, पण बसायचं. मी पहिल्या क्वार्टरमध्ये हे एकदा हसून सांगते. माझा अनुभव असा की बेंच बसलेलं असलं की अर्धे टी आपोआप टळतात. उभा माणूस जास्त बोलतो.

चुकून सहा खेळाडू कोर्टवर आले तर?

लक्षात आल्याबरोबर खेळ थांबवतात, जास्तीचा खेळाडू बाहेर काढतात आणि कोचवर ‘बी’. तोपर्यंत जे घडलं ते कायम, बास्केट झाली असेल तर तीही. शाळांच्या सामन्यात घाईच्या बदलीमुळे हे होतं. मुलाला रागवू नका, बदलीचा हिशेब कोचने ठेवायचा असतो.

फाऊल झाल्याचं नाटक केलं तर?

आधी ताकीद. पंच कोपरापासूनचा हात दोनदा वर करून खूण करतात, खेळ चालू ठेवतात, आणि घड्याळ थांबल्यावर खेळाडूला व कोचला सांगतात. ही ताकीदसुद्धा पूर्ण टीमची. नंतर त्याच टीमच्या कोणीही पुन्हा केलं की टी.

इथे पंचाला खूप जपून राहावं लागतं. बारीक अंगाचा मुलगा थोड्या धक्क्यानेही पडतो, आणि पावसानंतर आपली कोर्ट ओलसर असतात तेव्हा तर कोणीही घसरतं. पडला म्हणजे नाटक नाही. मी बघते की धक्का लागायच्या आधीच डोकं मागे गेलं का, हात हवेत उडाले का, आणि पडल्यावर नजर पहिल्यांदा माझ्याकडे आली का. शेवटची खूण फसवी असू शकते, म्हणून एकट्या तिच्यावर निर्णय घेत नाही.

शूटरच्या डोळ्यांसमोर हात धरला तर?

चेहऱ्याजवळ मुद्दाम पंजा हलवून दिसू न देणं म्हणजे टी. शॉट अडवायला हात वर केला तर तो डिफेन्स. फरक असा की डिफेंडरचा हात बॉलकडे जातोय की डोळ्यांकडे.

रिंगला लटकलं तर?

शरीराचं वजन रिंगवर टाकलं तर टी. डंकनंतर क्षणभर पकडली, किंवा खाली कोणी आहे म्हणून दुखापत टाळायला धरली, तर नाही. वॉर्म-अपमध्येही हा नियम लागू असतो. सामन्याच्या २० मिनिटं आधी पंच कोर्टवर आले की त्यांचे अधिकार सुरू होतात. तेव्हा टी मिळाला तर सामना १ फ्री थ्रोने सुरू होतो आणि जंप बॉल (पंचाने मधोमध बॉल उडवून करायची सुरुवात) त्यानंतर. शून्य-शून्य व्हायच्या आधीच एक गुण गेला हे मुलांना घरी सांगताना फार जड जातं.

शेवटचा फ्री थ्रो रिंगकडे जात असताना डिफेन्सने बॉलला हात लावला तर?

गोलटेंडिंग. १ गुण द्यायचा, आणि वर डिफेन्सच्या त्या खेळाडूला टेक्निकल. खेळाडूंनाच नव्हे, काही कोचनाही हे माहीत नसतं.

दोघांना एकदम टी दिला तर कोण फ्री थ्रो मारणार?

कोणीच नाही. सारख्या शिक्षा एकमेकांत वजा होतात आणि खेळ जिथे थांबला तिथून सुरू होतो. फाऊल मात्र दोघांच्याही नावावर राहतात.

मोबाइलवर एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) बघतो, तिथे वेगळंच असतं. खरं काय?

दोन्ही खरं, खेळाचं घर वेगळं. एनबीएमध्ये टेक्निकल खेळाडूच्या पर्सनल फाऊलमध्ये धरत नाहीत आणि बाहेर जायला सहा पर्सनल लागतात. आपल्याकडे पाच, आणि टी त्यात धरलेला. एनबीएमध्ये डिफेंडर कोणालाही गार्ड न करता पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत) तीन सेकंद थांबला की टेक्निकल. फिबामध्ये हा नियमच नाही. तरी वाशीपासून घोडबंदरपर्यंत प्रत्येक मैदानावर कोणीतरी ‘मॅडम, डिफेन्स थ्री सेकंद!’ असं ओरडतोच. मी त्याला एकदा शांतपणे सांगते.

एनबीएमध्ये हंगामाचाही हिशेब असतो. नियमित हंगामात १६ वा टेक्निकल झाला की एका सामन्याची बंदी. रशीद वॉलेसने २०००–०१ च्या हंगामात ४१ टेक्निकल घेतले होते, तो आकडा अजून मोडलेला नाही.

टाइम-आऊटचं तर अजून वेगळं. १९९३ च्या अमेरिकन कॉलेज फायनलमध्ये मिशिगन ७१–७३ मागे असताना, शेवटची काही सेकंद उरलेली असताना, ख्रिस वेबरने टाइम-आऊट मागितला. टीमकडे एकही शिल्लक नव्हता. टेक्निकल, फ्री थ्रो, वर बॉलही नॉर्थ कॅरोलायनाला, आणि सामना ७७–७१ ने गेला. फिबाच्या नियमांत खेळाडू कोर्टवरून टाइम-आऊट मागूच शकत नाही. हेड कोच किंवा फर्स्ट असिस्टंटने टेबलाकडे मागायचा असतो, आणि शिल्लक नसेल तर टेबल देत नाही. म्हणून कोर्टच्या मधोमध हातांनी टाइम-आऊटची खूण करून ओरडणाऱ्या मुलांना मी फक्त बेंचकडे बोट दाखवते.

स्टँडमधून पालक ओरडतात. त्याचा टी टीमला बसतो का?

नाही. टेक्निकल फक्त खेळाडूंना आणि बेंचवर बसायची परवानगी असलेल्यांना. प्रेक्षकांत बसलेल्या बाबांवर मी टी देऊ शकत नाही. मी खेळ थांबवते आणि आयोजकांना त्यांना बाहेर न्यायला सांगते.

पालकांना एक मनापासून सांगते. तुम्ही ‘पंच विकला गेलाय’ म्हणून ओरडता तेव्हा तुमचा मुलगा पुढच्या पझेशनला माझ्याशी तशाच आवाजात बोलतो. मी अनेकदा पाहिलंय, आवाज आधी स्टँडमधून येतो, टी नंतर कोर्टवर लिहिला जातो.

शेवटच्या मिनिटाला, एका गुणाच्या सामन्यात टी द्यावा का?

पहिल्या मिनिटाला ज्या वागण्याला दिला असता, त्याच वागण्याला शेवटच्या मिनिटालाही. पण पहिल्या ३९ मिनिटांत जे तुम्ही चालवून घेतलंत त्याला चाळिसाव्या मिनिटाला टी देणं अन्याय आहे. एका पंचाने सुरुवातीला सैल सोडायचं आणि शेवटी आवळायचं, हे खेळाडूंच्या सगळ्यात जास्त जिव्हारी लागतं. आणि त्यांचं बरोबर असतं. म्हणून सहकारी पंचांबरोबर सामन्याआधी आम्ही ठरवतो: काय ऐकून सोडायचं, काय कॅप्टनला सांगायचं, काय थेट. दोन पंचांची पट्टी वेगळी निघाली तर सामना हातातून जातो.

तुम्ही कधी चुकीचा टी दिलाय का?

दिलाय. ठाण्यात मुलींचा एक सामना होता, चौथा क्वार्टर. एका मुलीवर मी चार्ज (डिफेंडरवर जाऊन आदळल्याचा फाऊल) दिला, तिचा तो चौथा फाऊल. ती दोन्ही हात वर करून वळली आणि मोठ्याने ‘काय यार!’ म्हणाली. माझी शिट्टी अजून तोंडातच होती. मी टी दाखवला. तो तिचा पाचवा. ती काही न बोलता बेंचवर गेली आणि चेहऱ्यावर टॉवेल घेऊन बसली.

घड्याळ थांबलं तेव्हा त्यांची कॅप्टन आली. हात मागे बांधलेले, आवाज हळू. ‘मॅडम, ती मला म्हणाली. मी पास उशिरा दिला ना.’ आणि मला ते क्षणात दिसलं: ती वळली होती ती माझ्याकडे नाही, पासरकडे. मी उभी होते ती पासरच्या बरोबर मागे.

टी मागे घेतला नाही. पंचाचा असा निर्णय नुसता सांगितलं म्हणून बदलत नाही. सामन्यानंतर मी त्या मुलीकडे गेले आणि तिला सांगितलं की चूक माझी होती. तेव्हापासून शिट्टी वाजली की टीची खूण करायच्या आधी मी एक पूर्ण श्वास घेते आणि बघते की खेळाडूची नजर कुठे आहे. शिवी असेल तर ती एका श्वासानंतरही शिवीच असते.

मोठ्या पातळीवरही असं घडलंय. २००७ मध्ये एनबीएत सॅन अँटोनियोच्या टिम डंकनला बेंचवर बसून हसला म्हणून दुसरा टेक्निकल देऊन बाहेर काढलं गेलं. लीगने नंतर त्या पंचालाच उरलेल्या हंगामासाठी निलंबित केलं. तरुण पंचांना मी हा प्रसंग नेहमी सांगते, कारण हसणाऱ्या माणसाने खेळ थांबवलेला नसतो.

टी चुकीचा वाटला तर प्रोटेस्ट (अधिकृत हरकत) करता येतो का?

पंचाने वागण्याचा जो अर्थ लावला त्यावर नाही. प्रोटेस्ट स्कोअर किंवा घड्याळाच्या न सुधारलेल्या चुका, फॉरफिट (टीमला सामना गमावल्याचं जाहीर करणं), खेळाडूची पात्रता अशा गोष्टींसाठी असतो. करायचाच असेल तर सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत कॅप्टनने मुख्य पंचाला सांगून स्कोअरशीटवर सही करायची.

टी कोणाच्या नावावर लिहिला यात टेबलाची चूक असेल तर मात्र लगेच सांगा. दहाचा टी अकराच्या नावावर पडणं घडतं, आणि ते तिथल्या तिथे दुरुस्त होतं.

टी मिळाल्यावर खेळाडूने काय करावं?

पंचापासून लांब जा. फ्री थ्रो होईपर्यंत कॅप्टनजवळ उभा राहा. कोचला माझा सल्ला असा की त्या मुलाला दोन मिनिटं बसवा, पाणी द्या, आणि काय झालं ते त्याच्याच शब्दांत ऐका. दुसरा टी बहुतेक वेळा पहिल्यानंतरच्या दोन मिनिटांतच येतो असं मी पाहिलंय.

बझर वाजला, सामना संपला. आता पंचाला बोललं तर काय होणार?

फ्री थ्रो नाही, पण सुटका पण नाही. मुख्य पंचाने स्कोअरशीटवर सही करेपर्यंतचं गैरवर्तन त्याने शीटवर नोंदवून आयोजकांना कळवायचं असतं, आणि पुढची कारवाई स्पर्धेची समिती ठरवते. अशी नोंद लिहायची वेळ आली तर मी टेबलावरच बसते, दोन्ही टीम निघेपर्यंत थांबते आणि बोललेले शब्द जसेच्या तसे लिहिते. मराठीत बोलले असतील तर मराठीत, हिंदीत असतील तर हिंदीत, खाली वेळ आणि कोण कुठे उभं होतं ते. मग सहकारी पंचाला वाचायला देते. त्याला वेगळं ऐकू आलं असेल तर तेही खाली लिहितो, आणि त्यानंतरच सही करते.